आबांची फारेनची घडी

खरी घडी सरकत जाते आणि खोटी घडी उड्या मारते, हे मला माझ्या होणाऱ्या जावयानं शिकवलं. तेही मोबाइलवर, आणि आपण कोणाला शिकवतोय हे त्याला माहीत नसताना.

मुलगा बघताना माणसं काय काय बघतात. पत्रिका बघतात, पगार बघतात, केळीला पाणी कुठून येतं तेसुद्धा बघतात. धीरजचं आम्ही सगळं बघितलं होतं. म्हसावदचं घर, चांगली काळी जमीन, वडील लवकर गेलेले म्हणून मोठे काका लोटनआप्पांनी वाढवलेला, पुण्याला कंपनीत नोकरी, बोलायला नम्र. फक्त हा मुलगा रविवारी काय करतो, हे विचारायचं राहून गेलं. रविवारी तो जुन्या घड्याळांचे व्हिडिओ करतो.

साखरपुडा पंधरा-वीस दिवसांवर आला होता. दुपारी मी ओट्यावर गहू निवडत होते, तर मयूरी, माझी लेक, मोबाइल नाचवत आली. बघ ना मम्मी, किती छान बोलतात म्हणाली. मी बघितलं. धीरजच्या हातात कोणाचं तरी जुनं सोनेरी घड्याळ होतं. एक गृहस्थ ते वर्षानुवर्षं रोलेक्स म्हणून घालत होते, आणि त्यांच्या मुलानं ते तपासायला पाठवलं होतं. धीरज सांगत होता, भिंग लावायची गरज नाही, नुसता सेकंदाचा काटा बघा. त्या काळातल्या अस्सल रोलेक्सचा काटा तेलाच्या धारेसारखा सरकत जातो. हा बघा, एक उडी मारली, थांबला, पुन्हा उडी मारली. आत सेलवर चालणारं स्वस्तातलं मशीन आहे. मग हसून म्हणाला, "काकांनी आयुष्यभर मनगटावर बेडूक पाळला." खाली शेकडो लोकांनी हसून घेतलं होतं. मयूरी हसली, मीही हसले. जावई विनोदी आहे, पोरगी सुखात राहील, असं मनात आलं.

तेवढ्यात माझे सासरे, आबा, आतून आले, खाटेवर बसले आणि मनगट डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी वेळ बघितली. माझी नजर त्यांच्या घडीवर गेली. काटा एक उडी मारून थांबला. पुन्हा एक उडी, पुन्हा थांबला. माझे सुपातले गहू सुपातच राहिले.

कारण दोनच दिवस आधी जेवता जेवता आबांनी जाहीर केलं होतं, अंगठी-कपडे काय द्यायचे ते तुम्ही द्या, साखरपुड्याला नातजावयाच्या हातात माझी घडी मी बांधणार. सगळ्यांच्या देखत.

आबांची घडी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात, आणि आबांची ती 'फारेननी घडी'. आमच्या अर्ध्या प्रकाशा गावाला ती माहीत आहे. रनाळ्याचे करणसिंग हे आबांचे जिवाभावाचे मित्र. ऐन तरुणपणी ते दुबईला ट्रक चालवायला गेले, तेव्हा मागे त्यांची शेती आबांनी स्वतःची समजून सांभाळली. परत आले त्या दिवशी करणसिंग एस.टी.तून उतरून घरी न जाता आधी आमच्या ओट्यावर आले आणि ही घडी त्यांनी आबांच्या हातात बांधली. सोनेरी पट्टा, काचेखाली मुकुटाचं चित्र, त्याखाली इंग्रजीत रोलेक्स. चाळीस वर्षं होत आली. सेल संपला की आबा स्वतः शहाद्याला जाऊन नवा टाकून आणतात, आणि दुकानदाराला बजावतात, फारेननी शे, जपीन उघाड. घरात भिंतीवर घड्याळ आहे, प्रत्येकाजवळ मोबाइल आहे, पण वेळ मात्र आबांच्या हातावरची. मोटर चालू करायची, देवाला दिवा लावायचा, बस गाठायची, सगळं त्या घडीवर. करणसिंग वारले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आबा वेळ नको असली तरी घडीकडे बघत बसतात.

आता या माणसाला कोणी जाऊन सांगायचं? मी तर नाहीच. आमच्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. आबांना चहा हवा असला की ते समोरच्या भिंतीला विचारतात, "चहा व्हई का?" मग भिंतीच्या वतीनं मी चहा नेऊन देते. तेवीस वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलेलं मला आठवत नाही. वाईट अजिबात नाहीत, माझ्या बाळंतपणात हेच आबा मध्यरात्री बैलगाडी जुंपून निघाले होते. पण बोलणं नाही.

म्हणून मी मयूरीच्या पप्पांना गाठलं. हे, म्हणजे अमृत, शहाद्याला बियाणं-खताचं दुकान चालवतात. यांना मी तो व्हिडिओ दाखवला, आबांच्या घडीचं सांगितलं, आणि रागाच्या भरात हेही म्हटलं की तुमच्या त्या करणसिंगकाकांनी आबांना चांगली टोपी घातली, म्हणजे आबांची घडी डुप्लिकेट आहे.

हे पांढरे पडले. "हळू बोल," एवढंच म्हणाले.

बियाण्याच्या घरात तो शब्द कोणी तोंडातून काढत नाही. डुप्लिकेट, बोगस, दोन्ही नाही. कपाशीचं बोगस बियाणं लागलं की शेतकऱ्याचं वर्ष जातं, आणि ज्याच्या दुकानातून गेलं त्याचं नाव कायमचं जातं. मागच्या हंगामात लोटनआप्पांना तसंच कुठूनतरी फसवं बियाणं लागलं होतं. झाडं छातीएवढी झाली आणि बोंड धरेना. त्यानंतर ते यांच्या दुकानात यायला लागले, आणि त्यातूनच हे स्थळ आलं. मुलगी बघायला आले तेव्हा आप्पा सरळ म्हणाले होते, अमृतभाऊंच्या घरात खोटं काही मिळत नाही हे बघून मी सोयरीक करतोय. मग मी दुसरा चहा पुढे केला तर हात जोडून म्हणाले, नको, खोटी व्हई जाई. म्हणजे उशीर होईल, खोळंबा होईल. आमची गुजर मंडळी उठता-बसता असं बोलतात. तेव्हा मी त्याकडे लक्षही दिलं नाही.

आता विचार करा. खोट्याला विटलेला काका, खोटं ओळखणारा पुतण्या, आणि भर मांडवात आमच्या घरातला सगळ्यात मोठा माणूस त्यांना सगळ्यात खोटी वस्तू देणार. पाहुणे मोबाइल वर करून शूटिंग करणार. धीरज बघता क्षणी ओळखणार. तो काही बोलला नाही तरी त्याच्या चेहऱ्यावर दिसणार, आणि आबांना ते सगळ्यांसमोर कळणार. मला तर आबांचा चेहरा त्या व्हिडिओखाली दिसायला लागला होता, मनगटावर बेडूक पाळणारे काका म्हणून.

यांच्याकडून उपाय काय आला? "त्याच्या लक्षात येणार नाही." ज्याला लांबून उडी दिसते त्याला हातात बांधल्यावर दिसणार नाही! मग म्हणाले, आपण धीरजला आधीच फोन करून सांगू. मग म्हणाले नको, लोटनआप्पांच्या कानावर गेलं तर दुकान बसेल. मग दुकानात गर्दी आहे म्हणून निघून गेले. यांचं असंच आहे. संकट आलं की यांच्या दुकानात गर्दी होते.

मी एकदा घडी लपवूनही बघितली. आबा दाढी करत होते तेव्हा कोनाड्यातून उचलून बाजरीच्या पिठाच्या डब्यात खुपसली. वाटलं होतं, चार दिवस शोधतील, हळहळतील, विसरतील. पण सासूबाईंनी, जमनाबाईंनी, घर डोक्यावर घेतलं आणि दुपारपर्यंत त्यांची नजर रुपावर गेली. रुपा आमच्याकडे भांडी घासते, दहा वर्षांत चमचा इकडचा तिकडे झाला नाही. ती दारात उभी राहून रडायला लागली तेव्हा मला राहवेना. मी डब्यातली घडी मुठीत लपवून आणली, मुकाट्यानं खाटेखाली हात घातला आणि सापडली सापडली म्हणून ओरडले. आबांनी घडी प्रसादासारखी हातात घेतली, फुंकर मारून पीठ उडवलं, खाटेखाली पीठ कुठून आलं हे विचारलंही नाही, आणि बांधली.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. भाजी चिरताना मी आबांच्या हाताकडे बघायची. वाढताना बघायची. काटा उडी मारायचा आणि माझ्या छातीत काहीतरी त्याच्याबरोबर उडायचं. मयूरी विचारायची, मम्मी तू अशी का बघतेस. तिला काय सांगणार. पोरगी जन्मापासून ती घडी बघत आलेली, तिला त्यात काही दिसत नव्हतं. उलट ती धीरजला फोनवर सांगून बसली की आबा तुम्हाला काहीतरी देणार आहेत, काय ते ओळखा, तुम्हाला वेड लागेल. वेड मलाच लागायचं बाकी होतं.

साखरपुडा घरीच होता. अंगणात मांडव, एप्रिलचं ऊन वरून कापडातून गाळून येत होतं, चार पंखे लावले होते. मुहूर्त सव्वाअकराचा. सकाळी आबा नवीन टोपी घालून, चंदन लावून तयार. पाहुण्यांची गाडी लोणखेड्याजवळ आल्याचा फोन आला आणि आबा गणपतीच्या पूजेला बसले. पूजेला बसताना ते घडी काढून टोपीजवळ कोनाड्यात ठेवतात. मी गुरुजींना पाणी द्यायला तिथून गेले, आणि घडी बघून माझ्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं.

खोटी घडी ओळखू येते कशावरून? काट्याच्या उडीवरून. काटा चाललाच नाही तर? बंद घडी खरी का खोटी हे नुसतं बघून कोण सांगणार? आजच बंद पडली म्हणायचं, जावईबापू, पुण्याला दुरुस्त करून घ्या. पुण्याला त्यानं उघडली तरी तिथं चार माणसं नसतील, कॅमेरा लावलाच तरी आबांचं नाव घेणार नाही, एवढी लाज त्याला असेल. मी घडी उचलली आणि तिच्या बाजूची चावी नखानं बाहेर ओढली. काटा उडी मारता मारता थांबला. घडी होती तशी टोपीजवळ ठेवली आणि बाहेर आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला. ताटात कुंकू भरताना मी चक्क गुणगुणत होते.

पाहुणे आले. लोटनआप्पा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मागे धीरज, त्याच्यामागे त्यांची बायामाणसं. पाय धुणं झालं, सरबत झालं, सगळे मांडवात बसले. आबांनी धीरजला हाताला धरून अगदी आपल्या शेजारी बसवलं. मी डोक्यावर पदर घेऊन ओवाळणीचं ताट धरून दारात उभी होते. गुरुजींनी आबांकडे बघितलं. आबांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. त्यांना मोतीबिंदू आहे, मोठा काटा तेवढा दिसतो. ऑपरेशन लग्नानंतर करू म्हणतात.

"आजून येळ शे," आबा म्हणाले.

ज्या घरात देवाचा दिवासुद्धा त्या घडीवर लागतो, त्या घरात मी तेवीस वर्षं राहते, आणि नेमकं हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुहूर्तसुद्धा आबा त्याच घडीवर धरणार होते.

गुरुजी गप्प बसले, कारण प्रकाशाला आबांच्या शब्दावर शब्द कोणी टाकत नाही. मी यांच्याकडे बघितलं. यांनी मोबाइल काढून वेळ बघितली, बापाकडे बघितलं आणि मोबाइल परत खिशात टाकला. पाहुण्यांसमोर बापाला चुकलात म्हणण्याचं धाडस यांच्यात कधी नव्हतं. मी डोळ्यांनी खूण केली, हातावर बोट आपटून दाखवलं. यांना वाटलं पेढे आणायचे राहिले. उठून पेढे घेऊन आले.

आप्पा पिकाचं बोलत होते, उन्हाचं बोलत होते, बोलता बोलता थांबत होते. तिकडच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत मयूरी नटून बसलेली, तिच्या मैत्रिणीनं दोनदा डोकं बाहेर काढून बघितलं. आबांनी पुन्हा घडी बघितली आणि पुन्हा तेच म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. धीरजनं मान वाकवली. त्याची नजर आबांच्या मनगटावर होती, आणि ती तिथून हलेना. मी मनात म्हटलं, बघितलं यानं. संपलं.

तेव्हा लोटनआप्पा खाकरले. त्यांनीही आबांच्या हाताकडे बघितलं आणि अगदी हळू, मोठ्या माणसाला दुखवू नये अशा बेतानं म्हणाले, "पितांबरभाऊ, घडी खोटी व्हई ऱ्हायनी."

घडी म्हणजे वेळ, मुहूर्त. खोटी होणं म्हणजे उशीर होणं. हे मला कळत नाही का? याच माणसानं याच ओट्यावर चहा नको म्हणताना हेच म्हटलं होतं. पण इतके दिवस माझ्या डोक्यात घडी एकच होती आणि खोटी एकच होती. मी ताट घेऊन दारातून दोन पावलं पुढे आले. ज्या मांडवात मी सासऱ्यासमोर आवाजही काढायला नको, त्या मांडवात माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"आप्पा, खोटी शे ते मले माहीत शे. पन आबासले माहीत नही. आबासना काही दोष नही." आणि तेवढ्यावरही थांबले नाही. "दुकानमा आम्ही खोटं काही इकत नही."

लोटनआप्पांना काही कळेचना. ते गडबडून म्हणाले की मी मुहूर्ताचं बोललो, साडेअकरा वाजायला आले, घड्याळाचा काय संबंध. कोणीतरी बाई हसली आणि हसू मध्येच गिळलं. यांनी पेढ्यांचा बॉक्स छातीशी धरला होता. दारात मयूरी येऊन उभी राहिली होती, आणि तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. मला वाटलं, झालं. घराचं नाव, पोरीचं लग्न, म्हाताऱ्याचा मान, जे जे वाचवायला निघाले होते ते सगळं मी स्वतःच्या तोंडानं मांडवात सांडलं.

आबांनी घडी हातातून काढली. ती धीरजच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "तू देख."

धीरजनं घडी उलटी केली, सुलटी केली. मला वाटलं आता हा हसणार. मग वाटलं, आता हा चांगुलपणानं खोटं बोलणार, खरी आहे म्हणणार, आणि देवा, बोलू दे. तो दोन्हीपैकी काही करेना. शेवटी खाली बघून म्हणाला, "रोलेक्स नाही, आबा."

मी आबांच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हते आणि दुसरीकडेही बघू शकत नव्हते.

"म्हनजे करणसिंगले तठे कोनीतरी फसाडं," आबा म्हणाले. "परका मुलुकमा एकटा व्हता बिचारा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतके दिवस मी आबांच्या अपमानाचा विचार केला, दुकानाचा केला, पोरीचा केला. करणसिंगांनी टोपी घातली, हे तर मी पहिल्या दिवशी म्हणून मोकळी झाले होते. आबांच्या मनाला तो विचार शिवलाही नाही. त्यांना दिसला तो उन्हातानात ट्रक चालवून दोस्तासाठी घडी घेणारा आणि फसलेला करणसिंग. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

धीरज घडीवर बोट फिरवत होता. तो म्हणाला की सेल चांगला आहे, पण चावी कोणीतरी ओढून ठेवलीय. त्यानं मोबाइलमध्ये बघून काटे सरळ केले आणि चावी आत दाबली. काटा उड्या मारायला लागला. बेडकाचा शब्दही त्यानं काढला नाही.

आबांनी मान वर केली. या वेळी ते भिंतीकडे बघत नव्हते.

"सकायले चालू व्हती," ते म्हणाले. "घडी खोटी कोनी कयी?"

घड्याळ कोणी बिघडवलं, असा अर्थ मांडवात कोणाला लागला असेल, मुहूर्त कोणी खोळंबवला, असा आणखी कोणाला. मला दोन्ही लागले, आणि दोन्हींचं उत्तर एकच होतं.

"मी," मी म्हटलं.

धीरजनं, शहाणपणानं म्हणा की संकोचानं, आपला हात आबांपुढे केला, बांधा म्हणून. आबांनी त्याच्या हातातून घडी घेतली आणि स्वतःच्या मनगटावर चढवली. "तुले नही," ते म्हणाले. "तुन्हा हातमा लोके हासतीन. मन्हा हातमा चाळीस वरीस कोनी हासनं नही." मग गुरुजींना म्हणाले, चला, खोटी नका करू.

साखरपुडा झाला. मुहूर्त गेला होता, पण गुरुजींनी पंचांगात पुढचा एक बरा शोधून दिला, गुरुजींना तो नेहमीच सापडतो. जेवताना लोटनआप्पांना हसू आवरेना. मागून ती गोष्ट त्यांनी म्हसावदपासून शहाद्यापर्यंत सांगितली. आता दुकानात शेतकरी येतात आणि यांना विचारतात, अमृतभाऊ, बियाणं चाललं तर ठीक, घरातल्या घडीसारखं करू नका. हे हसून घेतात. दुकान काही बसलं नाही. मयूरी चार दिवस माझ्याशी बोलली नाही, मग बोलली. बेडकाचा तो व्हिडिओ अजून तसाच आहे. धीरजनं काढला का ते मी अधूनमधून बघते, आणि जावयाला काढ म्हणायला माझं तोंड नाही.

साखरपुड्याच्या दुसऱ्या सकाळी आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. मी चहा घेऊन गेले. भिंतीला काही विचारण्याआधीच नेलेला बरा, म्हणून. कप ठेवून वळले तर मागून आवाज आला.

"सीमा, किती वाजनात?"

तेवीस वर्षांनी माझं नाव. आणि विचारलं काय, तर वेळ. घडी त्यांच्या हातात होती, चालू होती, मला उडी दिसत होती. मी आत जाऊन मोबाइलमध्ये बघितलं आणि बाहेर येऊन सांगितलं. आबांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं, मोठा काटा शोधला आणि मान हलवली.

"बरोबर शे," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज विचारतात. रोज मी मिनिटासकट सांगते. मग ते मनगट वर नेतात, आणि 'बरोबर शे' म्हणेपर्यंत मी रिकामा कप हातात धरून तिथून हलत नाही.